निकालाआधीची दाद

स्पर्धा संपल्यानंतर माणसाने कसे वागावे याविषयी आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. जिंकल्यास मातू नये, हरल्यास खचू नये, विजेत्याचे अभिनंदन करावे, पराजितास हिणवू नये, हे सारे शाळेच्या पहिल्या क्रीडादिनापासून मुलांच्या कानी पडत असते. परंतु स्पर्धा सुरू होण्यापूर्वी, प्रतिस्पर्ध्याची तयारी प्रथमच दृष्टीस पडते त्या क्षणी मनाने कसे वागावे, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. वस्तुतः खरी कसोटी तेथेच असते, असे आम्हांस वाटते. निकालानंतरच्या वागण्यास शिष्टाचाराचा आधार असतो. चार लोक पाहत असतात, आणि हात पुढे करावयाचा तो रीत म्हणूनही करता येतो. निकालापूर्वी असला कोणताच आधार नसतो. आपण, आपले काम आणि दुसऱ्याचे काम, एवढीच तेथे सामग्री.

हा प्रश्न आम्ही येथे एका अगदी आधुनिक उदाहरणाच्या आश्रयाने मांडणार आहोत. ते उदाहरण विद्यार्थ्यांच्या रोबोट-स्पर्धांचे. देवळाच्या सभामंडपात विसावून हे पान चाळणाऱ्या वाचकास हा विषय दूरचा वाटेल. पण तो आता तितका दूरचा राहिलेला नाही. गोव्यातील शाळांमधून सहावी ते आठवीच्या मुलांस कोडिंग आणि रोबोटिक्स शिकविण्याची शासकीय योजना सुरू झाली आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनने २००२ साली टोकियो येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' ही स्पर्धा सुरू केली. ज्या देशाकडे यजमानपद असते तो देश आपल्या संस्कृतीतून खेळाचा विषय देतो, अशी तिची प्रथा आहे. २००८ साली ही स्पर्धा पुण्यास भरली तेव्हा विषय होता 'गोविंदा'. गोपाळकाल्याची दहीहंडी यंत्रांनी फोडावयाची! आणि २०२२ साली दिल्लीचे यजमानपद आले तेव्हा आशियातील पोरांच्या यंत्रांनी चक्क लगोरी खेळली. जपानमध्ये या स्पर्धांची परंपरा रुजविणारे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी रोबोट आणि बुद्धाची शिकवण यांच्या नात्यावर एक सबंध पुस्तक लिहिले आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. यंत्र आले की धर्मविचार संपला, असे समजणाऱ्यांनी ते ध्यानात घ्यावे.

रोबोट या शब्दासाठी 'यंत्रमानव' हा आपला प्रतिशब्द येथे फसवा आहे. या स्पर्धांतील यंत्रांस ना डोके ना डोळे. चाकांवरची एक बुटकी गाडी, तिच्यावर उचलणारा, फेकणारा किंवा पकडणारा एखादा हात, पोटात बॅटरी आणि तारांचे जाळे, असे त्यांचे रूप असते. म्हणून आम्ही पुढे साधा 'यंत्र' हाच शब्द वापरू.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर गावच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत तिची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अठ्ठावीस संघ होते. आता ही संख्या हजारांत गेली आहे आणि देशोदेशींची मुले तीत उतरतात. तिची रीत अशी. जानेवारीच्या आरंभी त्या वर्षीचा खेळ आणि त्याचे नियम सर्वांस एकाच दिवशी कळतात. प्रत्येक वर्षी खेळ नवा. यंत्राच्या वजनास मर्यादा, आकारास मर्यादा, मोटरींच्या संख्येस मर्यादा. २०१९ पर्यंत नियम असा होता की सहा आठवडे संपले की यंत्र प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून मोहोरबंद करावयाचे आणि थेट स्पर्धेच्या जागी उघडावयाचे. २०२० पासून ही पिशवी गेली. परंतु एक गोष्ट त्यापूर्वी होती आणि आजही आहे. कित्येक संघ आपल्या तयार यंत्राची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत स्पर्धेपूर्वीच प्रसिद्ध करतात. मग गावोगावच्या कर्मशाळांत, लोखंडाचा कीस आणि तेलाचा वास यांच्या मध्ये, दुसऱ्या संघाची मुले ती चित्रफीत पाहतात. आमचा सारा प्रश्न त्या दोन-तीन मिनिटांचा आहे.

त्या मिनिटांत जे टोचते ते नेमके काय असते? शेजाऱ्याचा बंगला पाहून होणारी जळजळ ही नव्हे. बंगल्याचे उत्तर 'त्याच्याकडे पैसा आहे' एवढ्याने देता येते. येथे तसे नाही. नियमपुस्तक सर्वांस एकच मिळाले होते. दिवस सर्वांस तितकेच होते. वजनाचा काटा सर्वांस सारखाच होता. सहा आठवडे ज्या प्रश्नाभोवती आपण झोप मोडून घिरट्या घातल्या, त्याच प्रश्नाचे दुसऱ्या कोणी काढलेले उत्तर समोर हलत असते. आणि ते उत्तर आपल्या उत्तराहून साधे असते. आपण जेथे सात सांधे घातले तेथे त्यांनी दोनच घातले. प्रश्न ज्याने स्वतः सोडविण्याचा प्रयत्न केलेला असतो त्यालाच दुसऱ्याच्या उत्तराची उंची कळते. म्हणून ही वेदना अज्ञ माणसास होतच नाही. ती जाणत्याची वेदना आहे आणि त्याच कारणाने अधिक धोक्याची आहे. कारण जाणत्याजवळ ती लपविण्याची साधनेही अधिक असतात.

ती साधने कोणती ते पाहण्यासारखे आहे. चित्रफीत संपते आणि कोणी म्हणतो, "दिसते चांगले, पण हे मैदानावर टिकणार नाही." दुसरा म्हणतो, "चार वेळा चुकले असेल, पाचव्या वेळचे दाखविले." तिसरा म्हणतो, "यांना मोठमोठ्या कंपन्यांचे पाठबळ आहे; हे मुलांचे काम नव्हेच, यात मोठ्यांचा हात आहे." चौथा काहीच न बोलता नियमपुस्तक उघडतो आणि हे यंत्र कोणत्या कलमाखाली अवैध ठरेल ते शोधू लागतो. आणि एखादी मुलगी खुर्चीवरून न उठता हळूच म्हणते, "संपले. आता आपण जाऊन काय करायचे?"

यांतील प्रत्येक वाक्य कधी ना कधी खरे असू शकते, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. यंत्रे मोडतात. चित्रफितीत निवडक तेवढेच दाखवितात. काही संघांस नासासारख्या संस्थेचा हातभार असतो आणि काहींस गावातील लोहाराचाही नसतो. ही विषमता काल्पनिक नाही, आणि तिच्याविषयी बोलणे म्हणजे लगेच मत्सर, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. परंतु पाहावयाचे ते वाक्य खरे की खोटे एवढेच नव्हे, तर ते कोणत्या क्षणी सुचले हे. ज्या माणसास पैशाची विषमता सहा आठवड्यांत एकदाही आठवली नाही, त्याला ती दुसऱ्याचे यंत्र सुंदर दिसताक्षणी आठवत असेल, तर त्याने आपल्या न्यायबुद्धीस थोडे थांबवून तिची चौकशी करावी.

आपल्या परंपरेने या विकारांची वर्गवारी फार बारकाईने केली आहे. मत्सर, ईर्ष्या आणि असूया हे शब्द आपण व्यवहारात एकाच अर्थाने वापरतो, पण असूयेचा अर्थ शास्त्रकारांनी नेमका करून ठेवला आहे. दुसऱ्याच्या गुणामध्ये दोष दाखविणे ती असूया. दोषांमध्ये दोष पाहणे ही परीक्षा झाली. गुण नाकारणे हे अज्ञान किंवा दुराग्रह झाला. पण गुण गुण म्हणून कळल्यावर त्यालाच दोषाचे रूप देणे, ही असूयेची खास करामत. ती आंधळी नसते. उलट तिला फार चांगले दिसते.

याचे सर्वांत सखोल चित्र महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि ते आपण लहानपणापासून ऐकत आलो असूनही त्यातील एक बारकावा बहुधा कथेकऱ्यांच्या तोंडून निसटतो. पांडव अरण्यात शिकारीस गेले असता त्यांचा कुत्रा परतला तो तोंडात सात बाण घेऊन. भुंकण्याच्या आवाजाच्या रोखाने, तोंड मिटण्याच्या आत, सात बाण कोणीतरी मारले होते. हे पाहून पांडवांची प्रतिक्रिया काय झाली? आपल्याला आठवते ती अर्जुनाची तक्रार. परंतु व्यासांनी त्यापूर्वी आणखी काही सांगितले आहे. ते हस्तलाघव पाहून सर्व पांडव विस्मित झाले, लज्जित झाले, आणि त्यांनी त्या अज्ञात धनुर्धराची मनापासून प्रशंसा केली. तोपर्यंत एकलव्याचे नावही त्यांना माहीत नव्हते. केवळ काम समोर होते, कर्ता समोर नव्हता. आणि केवळ काम पाहून त्यांच्या तोंडून दाद निघाली. लाज आणि दाद एकाच वेळी. आमच्या मते ही प्रतिक्रिया सर्वथा निर्दोष होती. आपण कमी पडलो हे कळणे ही लाज, आणि दुसरा पोचला हे कळणे ही दाद. दोन्ही सत्याच्याच दोन बाजू.

बिघडले ते त्यानंतर. एकलव्य भेटला, त्याने आपले नाव सांगितले, आपण द्रोणांचे शिष्य म्हणून सांगितले, आणि पांडव परतले. मग अर्जुन एकटाच, एकांतात, गुरूंकडे गेला. तेथे त्याने धनुर्विद्येविषयी एक अक्षर काढले नाही. तुमचा कोणताही शिष्य माझ्याहून श्रेष्ठ होणार नाही असे तुम्ही मला म्हणाला होता, मग हा निषादाचा मुलगा श्रेष्ठ कसा, एवढेच त्याने विचारले. अरण्यातील प्रश्न होता, 'हे कसे साधले?' गुरुगृहातील प्रश्न झाला, 'याला कसे साधले?' 'हे' जाऊन 'याला' आले, आणि त्या एका शब्दाच्या फरकाची किंमत एका मुलाच्या अंगठ्याने भरली. पुढे अर्जुनाचा ज्वर उतरला असे व्यास लिहितात. ज्वर हा शब्द त्यांनी योजला तो उगाच नव्हे.

याच पर्वात पुढे राजकुमारांच्या रंगभूमीवर कर्ण येतो. अर्जुनाने केलेले सर्व करून दाखवितो आणि द्वंद्व मागतो. त्यावर कृपाचार्य काय विचारतात? कुळ कोणते. पुन्हा तेच. कसबाचे उत्तर कसबाने देण्याऐवजी अधिकाराचा प्रश्न काढावयाचा. या दोन्ही ठिकाणी जन्माची भिंत उभी करण्यात आली आणि तो अन्याय होता, हे आज देवळाच्या आवारातसुद्धा स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे. पण आमच्या विषयापुरते दिसते ते असे की, गुण मान्य करण्याचे टाळावयाचे असले की मनुष्य नेहमी पात्रतेच्या प्रश्नाकडे वळतो. द्वापरात कुळ विचारले. कर्मशाळेत नियमाचे कलम विचारतात. कलम विचारणे गैर नाही; स्पर्धेच्या जागी प्रत्येक यंत्राची तपासणी होते आणि ती व्हावीच. पण ज्याने अजून त्या यंत्राचा हात कसा वळतो हे समजून घेतलेले नाही, त्याने आधी कलम उघडावे हे आम्हांस संशयास्पद वाटते.

आणि तरीही हाच अर्जुन पुढे भगवंताच्या मुखी 'अनसूयु' ठरतो. गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी अत्यंत गुह्य ज्ञान सांगताना श्रीकृष्ण ते अर्जुनास देतात ते तो असूयारहित आहे म्हणून. अरण्यातून परतलेला अर्जुन आणि कुरुक्षेत्रावरील अर्जुन यांच्यामध्ये किती वर्षे गेली, आणि त्या वर्षांत त्या मनाचे काय झाले, हे व्यासांनी कोठे एका ठिकाणी सांगितलेले नाही. वाचकांपैकी कोणी पुराणिक असतील तर त्यांनी यावर एखादे कीर्तन अवश्य रचावे.

आता पुन्हा यंत्रांकडे येऊ. 'फर्स्ट'च्या २०१५ सालच्या खेळाचे उदाहरण आमच्या प्रश्नास फार जवळचे आहे. त्या खेळाचे नाव 'रीसायकल रश'. करड्या प्लास्टिकचे खोके एकावर एक रचून उतरंडी करावयाच्या, आणि उतरंडीच्या माथ्यावर कचऱ्याचे हिरवे पिंप ठेवावयाचे. पिंप ठेवले की गुण पुष्कळ वाढत. एका बाजूस तीन संघ, दुसऱ्या बाजूस तीन, आणि मध्ये एक पायरी. ती ओलांडून पलीकडे जाण्यास मनाई. म्हणजे एकमेकांस धक्का नाही, अडथळा नाही. इतकेच नव्हे तर बहुतेक टप्प्यांत क्रमवारी हार-जीत पाहून नव्हे, गुणांच्या सरासरीवरून लागत असे. प्रतिस्पर्ध्याकडे न पाहता आपले काम करा, असा जणू त्या खेळाचा उपदेशच होता. परंतु मनुष्यस्वभाव पहा. प्रत्येक बाजूस आपापली तीन पिंपे होती आणि मधल्या पायरीवर सामाईक चार. जो आधी ओढील त्याची. आरंभीची पंधरा सेकंदे यंत्र आपले आपण चालते, मुलांनी हात लावावयाचा नसतो; त्या पंधरांपैकीही पहिल्या सेकंदाच्या आतच चारही पिंपे कोणाची ते ठरू लागले. ज्या खेळातून झुंज काढून टाकली होती, ती सगळी झुंज त्या एका सेकंदात येऊन बसली.

त्यामुळे त्या वसंतात एखाद्या संघाने आपल्या नव्या हाताची चित्रफीत दाखविली की इतर संघ ती एकेक चौकट थांबवून पाहत आणि वेळ मोजत. यंत्र तर पिशवीत मोहोरबंद; पण बाहेर बनविलेले सुमारे तीस पौंडांपर्यंतचे सुटे भाग स्पर्धेस बरोबर नेण्याची मुभा नियमात होती. म्हणजे दुसऱ्याचा हात पाहून तसाच हात आपण बनवावा, आणि सेंट लुईस येथील अंतिम स्पर्धेत तो त्याच्याच विरुद्ध चालवावा, हे शक्य होते, आणि कायदेशीरही होते.

ही चोरी होय काय? आमचे उत्तर 'नव्हे' असे आहे, परंतु एका अटीवर. विद्या ही पाहून, ऐकून, अनुकरण करूनच पसरते. आमच्या गोव्यातील नरकासुरांचेच पहा. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर जे नरकासुर उभे राहतात त्यांत अलीकडे मान वळविणारे, हात उचलणारे, डोळे फिरविणारे यांत्रिक नरकासुर दिसू लागले. एका वाड्याने यंदा कोपरात सांधा घातला की पुढच्या वर्षी चार वाड्यांच्या नरकासुरांस कोपरे फुटतात. कोणी कोणावर दावा लावीत नाही. मखरे, देवळांच्या पालख्या, दशावताराचे मुखवटे ही सारी कारागिरी अशीच एका हातातून दुसऱ्या हातात आली. अट एवढीच की जेथून घेतले त्याचे नाव सांगितले पाहिजे. घराण्याचा गवई दुसऱ्या घराण्याची जागा घेताना कानाच्या पाळीस हात लावतो, तेवढे. ज्याने घेतले आणि नाव लपविले, त्याने दोन गोष्टी केल्या: दुसऱ्याचे श्रेय बुडविले, आणि आपल्या संघातील लहान मुलांस असे शिकविले की चांगली गोष्ट कोठून आली हे सांगणे कमीपणाचे असते. पहिली हानी त्या वर्षापुरती. दुसरी पुष्कळ वर्षे पुरते.

दाद हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. अभिनंदन आणि दाद यांत फरक आहे. अभिनंदन निकालावर केले जाते, दाद कामावर दिली जाते. मैफलीत समेवर येताक्षणी 'वाहवा' निघते, ती बिदागी मोजून झाल्यावर नव्हे. समोर बसलेला दुसरा गवई, ज्याला याच्या मागून गावयाचे आहे, त्याच्या तोंडून ती निघाली तर तिचे मोल शंभर श्रोत्यांच्या टाळ्यांहून अधिक, हे सर्वांस कळते. कारण त्याला ती परवडणारी नसते. हरल्यानंतर केलेली स्तुती ही पुष्कळदा आपल्या पराभवाचे मखर असते: 'मी हरलो खरा, पण केवढ्या मोठ्याकडून!' जिंकल्यानंतर केलेली स्तुती हे दान असते, आणि दात्याचा हात नेहमी वरच असतो. निकालाआधीच्या स्तुतीस यांतले काहीच मिळत नाही. उद्या आपण जिंकू की हरू ठाऊक नाही, अशा वेळी 'त्यांनी केले ते उत्तम आहे' असे आपल्याच संघाच्या मुलांसमोर मोठ्याने म्हणणे हे खर्चाचे काम आहे. म्हणूनच ती खरी असण्याची शक्यता अधिक.

यावर अनुभवी शिक्षक एक आक्षेप घेतील, आणि तो हलका नाही. ते म्हणतील, "मुलांसमोर प्रतिस्पर्ध्याची अशी वाखाणणी केलीत तर मुले खचतील. ऐन रणांगणावर शत्रूचे गुण गाणाऱ्या शल्याने कर्णाचे काय केले ते आठवा. थोडा तिरस्कार, थोडी फुशारकी हे संघाचे अन्न आहे." शल्याचा दाखला येथे लागू पडत नाही असे आम्हांस वाटते. शल्याने अर्जुनाची स्तुती केली ती अर्जुनाच्या प्रेमाने नव्हे. कर्णाचे तेज हरण व्हावे या हेतूने, तसे वचन देऊन, केली. ती दाद नव्हती, ते शस्त्र होते. स्तुतीचे शस्त्र करता येते म्हणून स्तुतीच वाईट ठरत नाही. आणि तिरस्कारावर पोसलेल्या संघाची एक अडचण आहे, ती शुद्ध व्यवहाराची आहे. ज्या यंत्रास आपण 'भिकार' म्हटले त्याच्याकडे आपण पुन्हा नीट पाहत नाही. चार मोटरी कोठे बसविल्या, वजन खाली कसे ठेवले, साखळीचा ताण कशाने राखला, हे पाहणारे डोळे त्या शब्दाबरोबर मिटतात.

पतंजलींनी योगसूत्रांत सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्याविषयी उपेक्षा बाळगण्यास सांगितले, त्याचे प्रयोजन परोपकार म्हणून सांगितलेले नाही. चित्त निर्मळ व्हावे म्हणून सांगितले आहे. दुसऱ्याच्या पुण्याचा आनंद मानल्याने त्याचे काय व्हावयाचे ते होवो. आपल्या मनाचा गढूळपणा खाली बसतो. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, एवढेच हे शास्त्र आहे.

'फर्स्ट'च्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते एम्‌आय्‌टीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (यांचे २०१९ साली निधन झाले) यांनी या वृत्तीस 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' असे नाव दिले होते. आम्ही त्याचे भाषांतर 'कसबातील सौजन्य' असे करू. झगडावयाचे तर पुऱ्या ताकदीने, पण समोरच्यास माणूस म्हणून वागवून. त्या स्पर्धेत एका संघाची मोटर जळाली तर प्रतिस्पर्धी संघ आपल्या पेटीतील मोटर देतो, हे नित्याचे आहे. अर्थात यास रचनेचीही मदत आहे: सामन्यांत संघांचे गट बदलत राहतात, आणि अंतिम फेऱ्यांपूर्वी आघाडीचे संघ आपले सोबती निवडतात. सकाळी जो विरुद्ध होता तो दुपारी बाजूस उभा असू शकतो. म्हणून वही-पेन्सिल घेऊन प्रेक्षकांत बसलेली मुले प्रत्येक यंत्राची नोंद घेतात, आणि त्या नोंदीत 'भिकार' या शब्दाचा काही उपयोग नसतो. संशयी वाचक म्हणेल, मग हे सौजन्य स्वार्थाचेच झाले. असेल. शेजारधर्मदेखील कित्येकदा तसाच सुरू होतो. तो तसाच राहतो असे मात्र नाही.

आता सर्वांत अवघड भाग. दुसऱ्याचे यंत्र नीट पाहणाऱ्यास त्यातील गुण दिसतात तसे दोषही दिसतात. आपण सुंदर यंत्र पाहिले, मनापासून दाद दिली, आणि तेवढ्यात लक्षात आले की त्या हाताच्या मुळाशी असलेला एक बोल्ट तिसऱ्या-चौथ्या सामन्यात सैल होणार. त्यांच्या हे ध्यानात आलेले नाही. उद्या सामना आहे. सांगावे की नाही?

यावर सरसकट नियम करणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. २०१५ सालच्या त्या चपळ हातांत ताणलेल्या स्प्रिंगांचा किंवा रबरी नळ्यांचा जोर साठविलेला असे. असला हात अवेळी सुटला तर एखाद्या मुलाच्या बोटावर किंवा तोंडावर बसावयाचा. असा दोष दिसला तर त्याच क्षणी, धावत जाऊन सांगितले पाहिजे. तेथे स्पर्धा हा शब्दच उच्चारू नये. यंत्र नियमाबाहेर जात आहे असे दिसले तर प्रथम त्या मुलांस सांगावे, पंचांस नव्हे. त्यांना दुरुस्त करण्यास रात्र मिळते. अंतिम सामन्याच्या दाराशी तो नियम काढण्यासाठी खिशात राखून ठेवणे हे आम्हांस निंद्य वाटते, मग ते कितीही कायदेशीर असो. राहिला तो सैल होणारा बोल्ट. त्याने कोणास इजा नाही, नियमभंग नाही. फक्त ते हरतील आणि आपण जिंकू. येथे सांगणे हे कर्तव्य आहे असे म्हणावयास आम्ही धजत नाही. प्रतिस्पर्ध्याचा कच्चेपणा ओळखणे हाही खेळाचाच भाग. लगोरीत नेम कोणाचा चुकतो ते पाहूनच आपण धावतो. न सांगणारा संघ पापी नव्हे.

परंतु समजा, ते मूल आपल्या घोळक्यात येते. आपण त्याच्या यंत्राची वाखाणणी केलेली त्याने ऐकलेली असते, आणि त्या भरवशावर ते विचारते, "तुम्हांला यात कोठे काही कच्चे वाटते का?" आता परिस्थिती बदलली. ज्या दादेने त्याला जवळ आणले तीच दाद आता आपल्याला बांधते. 'नाही, सर्व उत्तम आहे' असे म्हटले तर ते खोटे होईल, आणि मागची खरी स्तुतीही त्यासरशी खोटी होऊन जाईल. 'स्पर्धेनंतर सांगेन' एवढे म्हणता येईल. ते प्रामाणिक आहे, जरी ऐकणारे मूल त्या उत्तराने रात्रभर आपले यंत्र तपासत बसेल. आणि कोणी बोट दाखवून 'हा बोल्ट पहा' म्हणाला, तर त्याच्या स्वतःच्या संघातील मुले परतताना गाडीत त्याच्याशी काय बोलतील, हेही त्याला ठाऊक असते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून पाहावा, आणि त्यांचे उत्तर मिळेपर्यंत आपले सांगू नये.